वस्तू मिळाली, पत्ता हरवला

सापडलेलं नाणं चिंचेने घासू नका. लिंबाने नको, राखेने नको, टूथपेस्टने तर मुळीच नको. आणि त्याच्याही आधीचं सांगणं असं, की ते जिथे दिसलं तिथून उचलूच नका.

हे याच आठवड्यात लिहायचं कारण, पाऊस उघडलाय. आता गडांवर मुलं जातील. टाक्यांतला गाळ उपसतील, बुरुजाच्या सांध्यांत रुजलेली झाडं काढतील, पदरचे पैसे आणि हक्काचा रविवार खर्ची घालतील. या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी हात लावला नसता तर कित्येक टाकी आज बुजलेली असती. पण गाळाच्या घमेल्यात कधी शिवराई येते, कधी तोफेचा गोळा, कधी गंजलेलं बाणाचं टोक. मग ती वस्तू हातोहात फिरते, कोणीतरी बाटलीतल्या पाण्याने ती धुतं, फोटो निघतो आणि संध्याकाळी कोणाच्या तरी सॅकमधून ती पुण्याला नाहीतर डोंबिवलीला पोचते. शोकेसमध्ये बसते. चोरीचा हेतू यात नसतो, असतं ते प्रेमच. नुकसान मात्र चोराने केल्याइतकंच होतं.

अमावास्येला लिंबू आणि मेटल डिटेक्टर घेऊन गुप्तधन खणणारे वेगळे. त्यांच्याशी पोलिसांनी बोलावं. मला बोलायचंय ते प्रेमापोटी उचलणाऱ्यांशी, कारण मी त्यांच्यातलाच आहे.

सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे होतो. गाव गोदाकाठचं. मामाच्या शेताला लागून पांढर होती. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे गावाकडच्यांना सांगायला नको. माणसं राहिली, घरं पडली, पुन्हा बांधली, पुन्हा पडली, राख आणि खापरं साचत गेली आणि त्याचा उंचवटा झाला, ती पांढर. धाब्यावर घालायला लोक तिथली माती गाढवांवरून न्यायचे. नांगरटीनंतर सर पडून गेली की ढेकळांतून मणी डोकं वर काढायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसायचे. एका सकाळी एका ढेकळात रुतलेलं जाडसर, राखाडी नाणं दिसलं. त्यावर पांढरट पापुद्रा होता आणि पापुद्र्याखाली सोंड वर केलेला हत्ती, पुसट पण ओळखू येणारा. मी ढेकूळ फोडलं, नाणं काढून घेतलं, ढेकूळ बांधापलीकडे भिरकावलं. मामीच्या चिंचेच्या कोळात नाणं रात्रभर बुडवलं आणि सकाळी नारळाच्या शेंडीने घासलं. चकचकीत झालं. हत्ती गेला.

पुढे वीस-एक वर्षांनी ते नाणं एका जाणकारांना दाखवलं. शिशाचं आहे, बहुधा सातवाहनांचं, असं म्हणाले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठे सापडलं? शेतात कुठे? पांढरीच्या उतारावर की सपाटीला? किती खोल? शेजारी काय होतं, राख, विटा, खापरं? खापरं कुठल्या रंगाची? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांनी नाणं पुन्हा माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुढचा चहा आम्ही मुकाट्याने प्यालो.

जमिनीत असते तोवर वस्तूला पत्ता असतो. तिच्या खाली कोण, वर कोण, शेजारी कोण, हे सगळं मातीने धरून ठेवलेलं असतं. तांब्याच्या नाण्याचं वय कार्बनच्या चाचणीने काढता येत नाही. त्याच्या शेजारच्या कोळशाचं काढता येतं. नाण्यावरच्या हिरव्या गंजात कधी कापडाचा विणीसकट ठसा उमटलेला असतो, म्हणजे ते नाणं कापडात बांधून ठेवलेलं होतं. कापड कधीच कुजून गेलेलं असतं, वीण गंजात शिल्लक राहते. चिंच आधी तीच खाते.

जोगलटेंभीचं उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. शत्रूच्या तोंडावर आपली मोहोर. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निपटून काढला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखात कोरलेलं आहे, नाशिकच्याच पांडवलेण्यांत. आईने मुलाचं कौतुक केलं, एवढंच कोणी म्हणालं असतं. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तो शिलालेख खरा करून दाखवला. दर दहा नाण्यांत जवळजवळ सात नाण्यांवर नव्या राजाचा शिक्का, म्हणजे सत्ता पालटली, जुना पैसा गोळा झाला आणि त्याच्यावर ठसा मारून तो पुन्हा बाजारात सोडला गेला.

हे कळलं कारण नाणी एकत्र होती आणि एकत्र मोजली गेली. त्यातलं एकेक नाणं वेगवेगळ्या सोनाराकडे गेलं असतं तर चांदी मिळाली असती, दहात सात हा हिशोब मिळाला नसता. साठ्यातलं एक नाणं ‘आठवण म्हणून’ खिशात टाकणाऱ्याला वाटतं, एकाने काय फरक पडतो. उरलेल्या सगळ्यांनाही तसंच वाटत असतं.

आता दायमाबाद. प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यावर उभा हाकणारा, गेंडा, हत्ती, रेडा. भरीव ओतलेल्या, चारही मिळून साठ किलोंहून जड. या वस्तू नष्ट झाल्या नाहीत, वितळल्या नाहीत, परदेशी गेल्या नाहीत, सरकारच्या ताब्यात आल्या, त्या शेतकऱ्याचे उपकारच म्हणायचे. त्या रथासमोर उभं राहिलं की पाय हलत नाहीत. हाकणाऱ्याच्या पाठीचा बाक, बैलांची ताणलेली मान. असं काम आपल्या मातीत झालं आहे.

पण या वस्तू किती जुन्या? इथे विद्वानांचं एकमत नाही. तिथे उत्खनन करणाऱ्या साळींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अगरवालांनी धातू तपासून सांगितलं की यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसं मिसळलेलं आढळत नाही, तेव्हा या बऱ्याच अलीकडच्या असू शकतात. म्हणजे फरक शे-दोनशे वर्षांचा नाही, हजाराहून अधिक वर्षांचा. आणि हा वाद का? कारण वस्तू आधी निघाल्या आणि अभ्यासक नंतर पोचले. त्यांनी ती जागा पुन्हा खणली, आजूबाजूचे थर वाचले, पण तोवर वस्तूभोवतीची माती विस्कटली होती. त्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आपल्याला सांगितलेलं आहे. दायमाबादनंतर पन्नास वर्षं गेली आहेत.

म्हणून ‘सापडलेली वस्तू सरकारला द्यावी का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. द्यावीच. पण उपटून, धुऊन, पिशवीत घालून आणून दिलेली वस्तू म्हणजे निम्मीच दिलेली. पूर्ण देणं म्हणजे जागेवर ठेवून माणूस बोलावणं.

बोलावणं म्हणजे कोणाला, हा पुढचा प्रश्न, आणि इथे मला सरकारला धरायचंय.

आपल्याकडे कायदा आहे, १८७८ चा. भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय मिळालं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कधी. ‘कुठे’ हा शब्द इंग्रजांच्या त्या कायद्यातही आहे, हे लक्षात ठेवा. ऐवज सरकारी कोषागारात ठेवायचा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा. मालकी सांगणारा कोणी निघाला नाही तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. लपवलं तर वर्षापर्यंत कैद, दंड, आणि हिस्साही गेला. तीन चतुर्थांशाचं हे कलम गावात दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसतं. सगळ्यांना एवढंच माहीत असतं की सरकार घेऊन जातं.

आणि सरकार ठेवून घ्यायचं ठरवतं तेव्हा देतं किती? धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. शिवराईत तांबं असतं दहा-बारा ग्रॅम. भंगारवाला जे देईल त्यावर वीस टक्के. ज्या नाण्यावर महाराजांचं नाव आहे त्याची ही सरकारी बोली. सोन्याच्या होनाला निदान सोन्याचा भाव येईल. मातीच्या बाहुलीला, हाडाच्या फणीला, खापरावर कोरलेल्या चार ब्राह्मी अक्षरांना काय भाव येणार? जुन्या बाजारात शिवराईला बरंच जास्त मिळतं, हे शाळकरी पोराला कळतं. हा कायदा बदला. रास्त किंमत द्या. ज्याने प्रामाणिकपणे कळवलं त्याच्या हातात चोरबाजारापेक्षा कमी पडता कामा नये.

मी एकदा एका शेतकरी मित्राबरोबर तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. त्याच्या विहिरीच्या कामात दगडी मूर्तीचा खालचा भाग लागला होता. काम थांबवून तो कळवायला आला होता, मजुरांची रोजी अंगावर घेऊन. आम्ही तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावरचा माणूस भला होता. त्याने आमच्यासाठी नोंदवही उघडली, पानं चाळली आणि विचारलं, “हे मी कशात लिहू?” त्याच्या वहीत रकानाच नव्हता. अर्जाची पोच मिळाली नाही. साहेब बैठकीला गेले होते. चार दिवस वाट बघून मित्राने काम पुन्हा सुरू केलं, मूर्ती बाजूला उचलून ठेवली. आजही ती त्याच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे, म्हशी तिला अंग घासतात. या माणसाला मी पुढच्या वेळी कायदा सांगणार कोणत्या तोंडाने?

शेतकऱ्याच्या मनात दुसरी धास्ती असते, ‘कळवलं की शेत जाईल’. वस्तू सापडली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव कोणी खोडत नाही. एखादी जागा राष्ट्रीय संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करायची तर १९५८ च्या कायद्यानुसार दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. हे गावात जाऊन, चावडीवर बसून सांगायला हवं, आणि सांगणारा माणूस पुरातत्त्व खात्याचा हवा. फलकावर निळ्या रंगात इशारा लिहून हे काम होत नाही.

इंग्लंडमध्ये त्यांनी काय केलं बघा. तिथे मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणं हा हजारोंचा छंद आहे. १९९६ मध्ये त्यांनी नवा कायदा केला. निधी सापडला की चौदा दिवसांत कळवायचं, संग्रहालयाला हवा असेल तर बाजारभावाने मोबदला मिळतो. त्याच्या पुढच्याच वर्षी किरकोळ वस्तूंचीही नोंद ठेवणारी योजना सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यात अशा लोकांना भेटणारा, वस्तू बघणारा, नोंदवून बहुतेकदा परत देणारा अधिकारी नेमला. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात एका छांदिष्टाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा लागला, त्याने कळवलं, अभ्यासकांनी येऊन ते शेत नीट खणलं. बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम शोधणाऱ्यात आणि शेतमालकात वाटली गेली.

याच देशात २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना नाण्यांचा साठा मिळाला, बहुधा तीनशेच्या आसपास. त्यांनी कळवलं नाही, विकायला काढला. पोलिसांनी त्यांच्या मोबाइलमधून पुसलेले फोटो परत मिळवले, त्यात साठा अख्खा दिसतो. तेव्हा हातात परत आली ती जेमतेम तीस नाणी. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा किओलवुल्फ हे दोन राजे जोडीने बसलेले आहेत. किओलवुल्फला इतिहासाने व्हायकिंगांचं बाहुलं म्हणून मोडीत काढलं होतं. तो आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार होता, असं ही नाणी म्हणतात. तिशीतून एवढं कळलं. उरलेल्यांत काय होतं? दोघे तुरुंगात गेले, बहुतेक नाणी आली नाहीत. जोगलटेंभीची तेरा हजार नाणी आणि ही तीस, हा फरक मला झोपू देत नाही.

आपल्याकडेही चांगलं उदाहरण आहे आणि त्यासाठी इंग्लंडला जावं लागत नाही, धाराशिव जिल्ह्यातलं तेर पुरतं. संत गोरोबाकाकांचं तेर. त्याच्याही हजार वर्षं आधी ग्रीक खलाशाने लिहिलेल्या बंदरांच्या वर्णनात ‘तगर’ म्हणून आलेलं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं व्यापारी नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या: मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी, बांगड्या, आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. तेरचा माल कुठवर ओळखीचा होता बघा. लामतुऱ्यांनी हे विकलं नाही. आज त्या संग्रहाचं सरकारी संग्रहालय तेरमध्येच उभं आहे आणि दारावर त्यांचं नाव आहे.

पावसाने वर काढलेल्या वस्तूंचा थर कळत नाही, ही उणीव त्या संग्रहालाही आहे. तरी त्या काळात ते उचललं नसतं तर वाहून गेलं असतं किंवा बैलाच्या खुराखाली चुरलं असतं. मला तेरचं महत्त्व वाटतं ते दोन गोष्टींसाठी: वस्तू गावात राहिली, आणि नाव राहिलं. लोक देत नाहीत ते हावेपोटीच, असं समजू नका. दिलेली वस्तू मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या गोदामात लाकडी खोक्यात पडून राहील, गावच्या पोराला ती कधी दिसणार नाही, आपलं नाव कुठेच येणार नाही, हे खरं दुखणं असतं. आणि ते खरंच आहे. मग प्रत्येक वस्तूची पोच द्या, छायाचित्रासह. पाटीवर शोधणाऱ्याचं आणि गावाचं नाव लिहा. मूळ वस्तू नेलीत तर तिची हुबेहूब प्रतिकृती गावच्या शाळेत ठेवा. जिल्ह्याला एक फोन नंबर द्या, तो उचलणारा माणूस द्या, आणि दोन दिवसांत त्याला शेतावर पोचायला गाडी द्या. एवढं मागणं फार नाही.

आणि तोवर, गडावर जाणाऱ्या पोरांनो, शेतात राबणाऱ्या दादांनो, सरकार सुधारेपर्यंत थांबायची गरज नाही. वस्तू दिसली की फावडं थांबवा. शेजारी काडेपेटी नाहीतर पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवरचं ठिकाण जतन करा, मग तीच माती अलगद वर लोटा. गडावर असाल तर खणायची परवानगी ज्यांनी दिली त्यांना कळवा. परवानगीच नसेल तर खणूच नका. गावात असाल तर पोलीस पाटलाला, तहसीलदाराला लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय दारातून हलू नका. घमेल्यातून आधीच वर आलं असेल तर माती न झाडता कागदात गुंडाळा, कागदावर टाक्याचा कुठला कोपरा आणि किती फूट खाली ते लिहा. कागदावरच्या त्या दोन ओळींची किंमत नाण्यापेक्षा जास्त आहे.

माझं नाणं अजून माझ्याकडे आहे, फिल्मच्या जुन्या डबीत. ते द्यायला मी तयार आहे. घेणाऱ्याला त्याच्यासोबत देण्यासारखं मात्र माझ्याकडे काही नाही. गेल्या मे महिन्यात मामाच्या गावी जाऊन आलो. पांढर उतरवून तिथे आता ठिबकवर डाळिंब लावलंय. मामेभाऊ बांधावरून हात करत विचारत होता, “कुठे मिळालं होतं रे तुला, इकडे की ओढ्याकडे?” मी दोन्हीकडे बघत उभा होतो.